डावीकडचा ब्रेक

मी डावीकडचा ब्रेक बोलतोय. होय, डावीकडचाच. गाडीचा खरा ब्रेक ड्रायव्हरच्या पायाशी असतो हे मलाही ठाऊक आहे, आणि त्याचं कौतुक करायला सगळं जग आहे. मी असतो शेजारच्या सीटपुढे, जिथे तुमच्या घरची माणसं बाजाराची पिशवी ठेवतात तिथे. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत कधी शिकला असाल तर मला पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर तुमच्या मास्तरांनी तरी मला नक्कीच दाबलं असेल.

माझा जन्म कारखान्यातला नाही. महाडला हायवेलगतच्या एका गॅरेजात भंगारातली लोखंडी पट्टी वाकवून, तिला एका मोडक्या जीपचं पेडल जोडून मला तयार केलं. वर रबर बसवलं ते कुठल्याशा स्कूटरचं. मग एका जुन्या पांढऱ्या गाडीत मला बसवलं आणि एका वायरने पलीकडच्या मोठ्या ब्रेकशी बांधलं. मला दाबलं की वायर ओढली जाते आणि तो मोठा ब्रेक आपसूक खाली बसतो. त्याला दाबलं तर मी मात्र जागचा हलत नाही. म्हणजे माझा शब्द त्याला ऐकावा लागतो, त्याचा मला नाही. या गोष्टीचा मला सुरुवातीला फार माज होता.

माझे मालक श्रीपतमामा. मूळचे कुडपणचे, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातले. उमेदीची वर्षं त्यांनी वरंधच्या घाटातून ट्रक चालवण्यात घालवली आणि मग महाडला हे छोटंसं ट्रेनिंग स्कूल काढलं. दोन गाड्या, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. गावातली लहानथोर माणसं त्यांना मामाच म्हणत.

गाडीत बसले की मामा आधी उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारायचे. मग तो भेगाळलेला, उघडा पाय माझ्या अगदी जवळ येऊन थांबायचा. टाच जमिनीवर, चवडा माझ्यावर अधांतरी. मला त्या पायाची ऊब लागायची. आता दाबतील, आता दाबतील म्हणून मी अंग आवळून बसायचो, आणि मामा दाबायचेच नाहीत.

मला भयंकर राग यायचा. मला बनवलं कशासाठी? शिकाऊ पोरगा एमआयडीसीच्या रस्त्यावर नागमोडी गाडी हाकतोय, समोरून टेम्पो येतोय, आणि हे गृहस्थ पाय तसाच धरून बसलेत. शेवटच्या घडीला पोरगाच घाबरून आपला ब्रेक दाबायचा. गाडी गचका खाऊन बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे. तेव्हा मामा काय करायचे? खिडकीतून बाहेर बघायचे. एखादं भाताचं खाचर, एखादी म्हैस, काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखं. पोरगा गाडी पुन्हा चालू करेपर्यंत त्यांची मान आत वळायची नाही. आपली फजिती कुणी बघत नाही एवढ्यानेच तो पोरगा सावरायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

परत आल्यावर शिकणारा मान खाली घालून आपल्या चुका ऐकायची तयारी करायचा. मामा विचारायचे, "आज काय जमलं?" कुणालाच पटकन सांगता यायचं नाही. माणसांची ही गंमत मी नेहमी पाहिली. काय चुकलं ते विचारा, घडाघडा बोलतील. काय जमलं म्हटलं की आठवावं लागतं.

मामांच्या हाताखाली किशोर नावाचा एक शिकवणारा होता. तो दुसऱ्या गाडीवर असायचा आणि त्याचा आवाज आमच्या गाडीत ऐकू यायचा. त्याच्या गाडीतला माझा भाऊबंद सुखात होता, दिवसभर दाबला जायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

मग मैना आली. पोलादपूरच्या एका वाडीवरची, नवरा पांडू मुंबईला एका कंपनीत. ती याच गाडीत, मामांच्याच शेजारी बसून शिकली होती. लायसन्स हातात पडल्यावर पेढे द्यायला आली तेव्हा मामांनी विचारलं, शिकवशील का? बायका शिकायला येतात, त्यांना बाईमाणूस बरं वाटतं. मैना पदराशी चाळा करत राहिली. पांडूने फोनवर सांगितलं, "कशाला नसती झंझट, इथं ये, मस्त राहू." पण मुंबईच्या त्या खोलीत दिवसभर दार लावून बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती डाव्या सीटवर बसली ती बसलीच. त्या सीटसारखं तिचं स्वतःचं असं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

तिने मामांचंच बघून चप्पल काढली. पाय माझ्यावर धरला. लहानसा, पैंजण घातलेला पाय. पहिले काही महिने अगदी झकास गेले.

आणि मग बिरवाडीच्या नाक्यावर ते झालं. गाडी सेजल चालवत होती. सेजल एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरीला, डोक्याने हुशार, पण घाबरट. वळताना तिला ब्रेक सुचला नाही. मैना वाट बघत राहिली, आता दाबेल, आता दाबेल. रस्त्याच्या कडेला रंगूबाई काकड्या विकायला बसली होती. मैनाने मला दाबलं तोवर गाडीचं नाक रंगूबाईच्या टोपलीत शिरलं होतं. म्हातारी बाजूला सरकताना हातावर पडली. काकड्या रस्ताभर.

मामांनीच रंगूबाईला दवाखान्यात नेलं. मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. पुढच्या बाजाराला ती परत तिथेच बसलेली दिसली आणि आमची गाडी दिसली की मुद्दाम टोपली उचलून छातीशी धरायची आणि हसायची. ती विसरली. मैना नाही विसरली.

त्या दिवसापासून माझी इच्छा पुरी झाली. मैना मला दाबू लागली. कुत्रं दिसलं की दाब, वळण आलं की दाब, समोर नुसती सावली हलली तरी दाब. सुरुवातीला मी खूश होतो, कुणीतरी आपल्याला ओळखलं म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की तिचा पाय माझ्यावर असतो तेव्हा थंडगार असतो. ती शिकवताना बोलेनाशी झाली होती. गचके खात, थांबत थांबत गाडी घरी यायची आणि "आज काय जमलं" असं विचारायला कुणाला काही जमलेलंच नसायचं.

बायका हळूहळू किशोरकडे नावं घालू लागल्या. ओरडतो, पण निदान गाडी तरी चालवू देतो, म्हणाल्या. किशोर तसा मनाचा वाईट नव्हता. त्याने मामांना सुचवलं की मैनाला टेबलावर बसवा, फोन घेईल, नावं लिहील. मामा ताकास तूर लागू न देता ऐकून घेत.

मग लायसन्सच्या परीक्षेचा कॅम्प लागला. सेजल आमच्याच गाडीत परीक्षेला बसली. डाव्या सीटवर परीक्षा घेणारे साहेब. त्यांनी आपले बूट सभ्यपणे मागे घेतले होते. सेजलने गाडी सुरेख काढली, गिअर टाकले, वळवली. पुढे थांबायची पट्टी आली. गाडी पट्टीकडे चालली आणि सेजल स्टिअरिंग धरून शांत बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. शेवटी साहेबांनीच बूट पुढे करून मला दाबलं. त्या बुटाखाली मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

खाली उतरल्यावर सेजल मैनाला म्हणाली, "मला वाटलं, ताई दाबतील."

ती रागावून म्हणाली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. संध्याकाळी मैनाने मामांना सांगितलं की उद्यापासून मी येत नाही, मुंबईला जाते. हे काम माझं नाही.

मी ऐकत होतो. मामा तिची समजूत घालतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "जा. पण उद्या सकाळी वरंधपर्यंत चल माझ्यासंगं. मला गाडी शिकव."

दुसऱ्या दिवशी मामा उजवीकडे बसले, मैना डावीकडे. आयुष्यभर घाट कोळून प्यालेला माणूस समोर 'एल'ची लाल पाटी लावून शिकाऊ झाला. पाऊस अजून लागायचा होता, घाट मोकळा होता. पहिलं वळण दिसलं. मैनाने मला दाबलं. मामांनी गाडी वळवून खाली आणली आणि पुन्हा त्याच वळणाकडे घेतली. तिने पुन्हा दाबलं. त्यांनी पुन्हा वळवली. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामांनी गाडी वरंधच्या एका टपरीजवळ कडेला घेतली. चहा गाडीतच मागवला.

"आमच्या कुडपणला रस्ता नव्हता तवा आजारी मानूस डोलीतनं खाली आनायचे," मामा म्हणाले. "तुमच्या वाडीला पन तसंच आसंल."

मैना म्हणाली की तिच्या आजीला तसंच आणलं होतं. बांबूला घोंगडी बांधून, पुढे एक, मागे एक, बाकीचे बाजूने चालणारे.

"डोली वाहनारा कधी म्हनतो का, खांदा दुखला, आता तू घे?"

"नाय. तो मागत नाय. बाजूच्यानं बघायचं आनि खांदा घालायचा."

"आनि लवकर घातला तर?"

"चाल मोडते. डोली हिंदकळते."

"उशिरा घातला तर?"

"पडते," मैना म्हणाली. मग तिने रंगूबाईचं नाव काढलं.

मामांनी चहाचा घोट घेतला. "मग बाजूनं चालनारा बघतो काय? वाट बघतो?"

मैनाने पेला मांडीवर धरला. "वाट वाहनाराच बघतो. बाजूचा त्याचे पाय बघतो. गुडघा लटपटला की खांदा घालतो."

"तू रस्ता बघत बसतेस गो," मामा म्हणाले. "रस्त्यावर एक डोळा आसूं दे. दुसरा डोळा शिकनारनीच्या पायावर ठेव. तिचा पाय ब्रेककडं निघाला आसंल तर तुझा पाय तिथंच ऱ्हाऊ दे. निघालाच नाय, तर मग दाब. बिनधास दाब."

पेले परत देऊन ते पुन्हा वळणाकडे निघाले. या वेळी मैनाचे डोळे मामांच्या उजव्या पायावर होते. वळण जवळ आलं. तिचा पाय माझ्यावर येऊन थांबला. मामांचा पाय सावकाश निघाला आणि आपल्या ब्रेकवर बसला. गाडी हळू झाली, वळण घेतलं, दरी मागे पडली. तिने मला दाबलं नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की माझ्यावर नुसता धरलेला पाय म्हणजे काय असतं. त्यात ऊब होती.

मैना मुंबईला गेली नाही. सेजलला तिने स्वतः फोन करून बोलावून घेतलं. दोघी हायवेने पोलादपूरकडे निघाल्या. गावाच्या तोंडाशी पुढची एसटी अचानक थांबली, आणि मैनाचा पाय माझ्यावर आला. सेजलचा पाय आधी जागेवरच खिळला. मग तो पाय निघाला, चाचपडला आणि ब्रेकवर बसला. आमची गाडी एसटीच्या मागे उभी राहिली, अंतर फारसं उरलं नव्हतं.

"ताई, तुम्ही दाबला?" सेजलने विचारलं.

"नाही," मैना म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर काहीच नव्हतं. सेजल रडतेय का हसतेय ते कळत नव्हतं, आणि मैना ते बघायला मान वळवत नव्हती.

सेजलला लायसन्स मिळालं. किशोरचं ओरडणं मात्र कमी झालं नाही. सगळेच सुधारतात असं थोडंच असतं?

वर्षं गेली. मामांचे गुडघे गेले. गाडीत बसताना ते आपला पाय हाताने उचलून आत घेऊ लागले. माझ्यापर्यंत पोचायला त्या पायाला वेळ लागू लागला. एकदा एका शिकाऊ मुलाने गाडी वाळूच्या ढिगाऱ्याकडे नेली आणि मामांनी मला दाबलं ते उशिराच. वाळूच होती म्हणून निभावलं. मामा कुणाला काही बोलले नाहीत. ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं.

मैनाने गाडीच्या नाकावरचे ओरखडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मामा बाहेर येण्याआधीच ती शिकाऊ माणसाशेजारी डाव्या सीटवर येऊन बसली होती. "मामा, आज ह्यांना मी नेते. तुम्ही जरा टेबलावर बसा, नव्या मुली यायच्या आहेत."

मामा दार धरून उभे राहिले. त्यांची नजर तिच्या पायाकडे गेली, मग माझ्याकडे. "पट्टा लाव," एवढं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावलं. तिने खांदा घातला होता, आणि लवकर नाही की उशिरा नाही. पण मला विचाराल तर त्या दिवशी मी दिवसभर त्या दाराकडेच बघत होतो.

स्कूल मैनाच्या हाती देऊन मामा कुडपणला परत गेले. त्यांना सोडायला आमचीच गाडी गेली. मागच्या सीटवर ट्रंक आणि अंथरूण, मैना ड्रायव्हरच्या जागी, मामा डावीकडे. पोलादपूर सोडलं, चढ लागला, आणि मामांनी सवयीने चप्पल काढली. तो पाय पुन्हा माझ्यावर आला. अशक्त झाला होता, पण तोच पाय. मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. हा घाट संपू नये असं वाटलं.

वळणं येत होती. मैना आपल्या पद्धतीने घेत होती. मामांची नजर तिच्या पायावर होती. अर्ध्या चढावर कधीतरी माझ्यावरची ती ऊब हरवली. मामांनी पाय काढून घेतला होता. दोन्ही पाय हाताने उचलून त्यांनी सीटवर मांडी घातली, डोकं मागे टेकलं आणि एका बाजूला खोल दरी असताना त्यांना गाढ झोप लागली. ट्रकवर जन्म गेलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. मैनाने एकदा वळून बघितलं, आणि मग वर पोचेपर्यंत ती इतकी अलगद गाडी चालवत होती की ट्रंकसुद्धा वाजली नाही.

त्याच वर्षी भातकापणी झाल्यावर मामा गेले. बातमी आली तेव्हा मैना शिकवत होती. शिकणारीला तिने गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि आपला पाय दोन्ही हातांनी धरून बसली.

पुढे आमच्या गाडीचंही वय झालं आणि ती भंगारात निघाली. गॅरेजवाल्याने वायर कापून मला काढलं आणि ढिगात टाकायला निघाला, तेव्हा मैनाने मला मागून घेतलं. नव्या गाडीत नवा ब्रेक आहे, चकचकीत. मी स्कूलच्या दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला खाली अडकवतात. इतकी वर्षं गाड्या थांबवल्या, आता दार थांबवतो. तक्रार नाही. पण संध्याकाळी रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक दाबला की माझी कापलेली वायर अजून दुखते.

तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल, कंपनीत, दुकानात, कुठंही, तर तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी असणारच. ते फेकू नका. त्याच्यावर उभेही राहू नका. मामांसारखं चप्पल काढून बसता आलं तर बघा.

हल्ली मैनाने श्रुतिका नावाची नवी मुलगी शिकवायला ठेवली आहे. काल ती पहिल्यांदा एकटी, एका शिकाऊ बाईला घेऊन वरंधच्या रस्त्याला गेली. यायची वेळ टळली. किशोर म्हणाला, फोन लाव. मैनाने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मग खुर्ची दारापाशी ओढली, उजव्या पायातली चप्पल काढली, आणि तिचा पाय माझ्यावर येऊन थांबला. टाच जमिनीवर, चवडा अधांतरी. मला दाबून काही थांबणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. पाय अवघडला तरी तिने तो टेकवला नाही. रस्त्याच्या वळणावर श्रुतिकाच्या गाडीची लाल पाटी दिसली, तेव्हा तिने चप्पल घातली आणि दारालगतच्या खिडकीतून बाहेर, दुसरीकडेच कुठेतरी बघू लागली.